मानसोपचार वॉर्डात नर्स निर्णय कसा घेते

दाखल होऊन तिसरी रात्र. चाळिशीचा रुग्ण बोळात येरझाऱ्या घालतोय. बसवलं तर दोन मिनिटांत उठतो, काही विचारलं तर तोडून उत्तर देतो, झोपायला तयार नाही. फाइलमध्ये 'गरज वाटल्यास द्यावे' म्हणून एक इंजेक्शन लिहिलेलं आहे. डॉक्टर फोनवर आहेत, रुग्णासमोर मात्र नर्स उभी आहे. इंजेक्शन द्यायचं की नाही?

उत्तर ठरतं ते येरझाऱ्या कशामुळे आहेत यावरून, आणि कारणं किमान सहा असू शकतात. दोन दिवसांपूर्वी हॅलोपेरिडॉलसारखं अँटिसायकोटिक, म्हणजे भास-भ्रम कमी करणारं औषध सुरू झालं असेल, तर हा त्याचाच दुष्परिणाम असेल: अकॅथिसिया, म्हणजे पाय स्वस्थ राहू न देणारी बेचैनी. माणूस रोज पिणारा असेल आणि दाखल झाल्यापासून दारू बंद असेल, तर ती अचानक तुटल्याची लक्षणं असतील. ताप, जंतुसंसर्ग किंवा रक्तातली साखर उतरल्यामुळे मेंदूचा गोंधळ उडालेला असेल, ज्याला डेलिरिअम म्हणतात. कानात आवाज येत असतील आणि ते काहीतरी करायला सांगत असतील. औषधामुळे लघवी तुंबली असेल आणि ते नीट सांगता येत नसेल. किंवा संध्याकाळी घरून फोन आला असेल आणि त्यातल्या बातमीने झोप उडाली असेल.

आता त्या इंजेक्शनकडे पुन्हा पाहा. ते अँटिसायकोटिक असेल तर भास होणाऱ्याला त्याचा उपयोग होईल. अकॅथिसियात तेच औषध त्रास वाढवेल. दारू तुटलेल्या माणसाला त्याने फिट येण्याचा धोका वाढेल. डेलिरिअममध्ये रुग्ण शांत दिसू लागेल आणि खाली लपलेला न्यूमोनिया सकाळपर्यंत कुणाच्या लक्षात येणार नाही. लघवी तुंबलेल्याला कॅथेटर, म्हणजे लघवी काढणारी नळी हवी आहे. आणि घरच्या बातमीने हललेल्या माणसाला सोबत बसून ऐकून घेणारं कुणीतरी हवं आहे. वागणं एकच, पण उपाय सहा, आणि त्यातले काही एकमेकांच्या विरुद्ध. छातीत दुखत असेल तर ईसीजी काढता येतो. इथे असा एकच कागद पुढे येत नाही. म्हणून दिसणं आणि करणं यांच्या मध्ये विचाराला जागा ठेवणं, आणि घेतलेल्या प्रत्येक निर्णयाला फेरविचाराची वेळ लावून ठेवणं, ही या कामातली मुख्य कौशल्यं आहेत.

त्या बोळात काय तपासायचं

सुरुवात शरीरापासून. तापमान, नाडी, रक्तदाब, श्वासाचा वेग, ऑक्सिजन आणि बोटाच्या टोकाची साखर यांना पाच मिनिटंही लागत नाहीत. मानसोपचार वॉर्डात हे वगळलं जाण्याचं कारण ठरलेलं असतं: फाइलवर 'स्किझोफ्रेनिया' लिहिलेलं असतं आणि पुढचं प्रत्येक लक्षण त्याच खात्यात जमा होतं. मनोविकाराचं जुनं निदान असलेल्या माणसाची छातीतली कळ, फुगलेलं पोट, अडखळती जीभ यांकडे याच सवयीने दुर्लक्ष होतं. त्याविरुद्ध एक साधा नियम उपयोगी पडतो. जो बदल नवा आहे आणि काही तासांत झालेला आहे, तो शारीरिक आजाराचा धरून चालायचं आणि तपासणीने ती शंका फिटल्यावरच मनाकडे वळायचं.

डेलिरिअम ओळखायचा तर लक्ष टिकतं का ते पाहावं. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. भास होणारा स्किझोफ्रेनियाचा रुग्ण बहुधा म्हणून दाखवतो. डेलिरिअममधला मध्येच हरवतो. डेलिरिअम दिवसभरात कमीजास्त होतो, रात्री वाढतो, आणि त्यात डोळ्यांना दिसणारे भास जास्त असतात: भिंतीवर किडे, कोपऱ्यात माणसं. नुसते कानाला ऐकू येणारे आवाज, जाग पूर्ण, वेळ-स्थळाचं भान शाबूत, असं चित्र असेल तर मनोविकाराकडे कल जातो.

दारूचा हिशेब तासांत करायचा. शेवटचा घोट केव्हा घेतला ते रुग्णाला विचारा आणि नातेवाइकांनाही विचारा, कारण दोन्ही उत्तरं पुष्कळदा जुळत नाहीत. हात कापणं, घाम, मळमळ ही लक्षणं साधारण सहा ते आठ तासांनी सुरू होतात. फिट आली तर बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. सर्वांत धोक्याची अवस्था, डेलिरिअम ट्रेमेन्स, ४८ ते ७२ तासांच्या सुमारास उभी राहते, म्हणजे नेमकी तिसऱ्या रात्री. यावर औषध बेंझोडायझेपिन या शामक गटातलं, आणि जोडीला थायमिनचं, म्हणजे जीवनसत्त्व ब-१ चं इंजेक्शन. थायमिन नुसत्या ग्लुकोजच्या सलाइनआधी जायला हवं. उपाशी, जीवनसत्त्व आटलेल्या शरीराला आधी ग्लुकोज दिलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

अकॅथिसियासाठी एक प्रश्न फार काम करतो: "बेचैनी मनात आहे की पायांत?" पुष्कळ रुग्ण लगेच पायांकडे बोट दाखवतात. बसल्यावर पाय सारखे हलवणं, उभं राहिल्यावर या पायावरून त्या पायावर भार टाकणं, चाललं की तेवढ्यापुरतं बरं वाटणं या खुणा. बार्न्स यांनी तयार केलेल्या मोजपट्टीत रुग्णाला बसलेलं आणि उभं, दोन्ही स्थितींत किमान दोन-दोन मिनिटं पाहायला सांगितलेलं आहे. औषध कधी सुरू झालं, डोस कधी वाढला, ती तारीख चार्टवर शोधा. ही बेचैनी असह्य असते, आत्महत्येचे विचार तिच्यातून बळावू शकतात. 'चिडका, ऐकत नाही' असं लिहून आणखी एक इंजेक्शन देणं हा या वॉर्डातला सर्वांत टाळता येण्याजोगा अपघात आहे.

ओटीपोट हाताने चाचपून पाहायला आणि "लघवी शेवटची कधी झाली?" असं विचारायला क्षणभर पुरतो. अँटिसायकोटिकचे दुष्परिणाम कमी करायला देतात ते ट्रायहेक्सिफेनिडिलसारखं औषध चालू असेल तर हे विसरू नये, त्याने लघवी तुंबू शकते.

पाहिलेलं वेगळं, वाटलेलं वेगळं

'रुग्ण आक्रमक झाला.' ही नोंद वाचून पुढच्या पाळीतली नर्स काय समजेल? तिला एक निष्कर्ष मिळाला, पुरावा मिळाला नाही. 'रात्री १० वाजता फोन नाकारल्यावर दोनदा टेबलावर हात आपटला, आवाज चढवला, कुणाच्या अंगावर गेला नाही, बाजूला बसवून बोलल्यावर १५ मिनिटांत शांत' ही नोंद वाचली तर काय घडलं, कशाने घडलं आणि कशाने थांबलं, तिन्ही कळतं. पुढचा निर्णय याच तीन गोष्टींवर उभा राहतो.

मानसिक स्थितीची तपासणी करताना पेहराव आणि स्वच्छता, हालचाल, बोलण्याचा वेग, मनाची अवस्था आणि चेहऱ्यावर दिसणाऱ्या भावना, विचारांची सांधणी आणि आशय, भास, लक्ष आणि स्मृती, आजाराची जाण, विवेक अशी चौकट पाळतात. चौकटीत दोन जागी रुग्णाचे स्वतःचे शब्द जसेच्या तसे घालावेत: मनाची अवस्था आणि विचारांचा आशय. 'उदास आहे' यापेक्षा 'म्हणतो, सकाळी डोळे उघडले की राग येतो, अजून का जागा झालो म्हणून' हे वाक्य शंभर पटींनी जास्त सांगतं.

अनुभवी नर्स खोलीत शिरताच 'काहीतरी बिनसलंय' असं म्हणते आणि बऱ्याचदा खरी ठरते. नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंतच्या पाच पायऱ्या मांडल्या, त्यात शेवटच्या पायरीवर ही जाणच आहे. नियम मनात न मोजता एकूण चित्रच ओळखू येतं. ही जाण मोलाची आहे. ती दाबू नये. पण ती तपासाला लावते, उत्तर देत नाही, हे ओळखून तिचा वापर करायचा. कारण झटकन ओळखणारं तेच मन चुकीचं चित्रही तितक्याच खात्रीने ओळखतं. पाळी बदलतानाच्या हँडओव्हरमध्ये एखाद्या रुग्ण बाईबद्दल 'ती नाटकं करते' असं एकदा कानावर पडलं की पुढच्या आठ तासांतलं तिचं प्रत्येक रडणं नाटकच दिसतं. गेल्या आठवड्यात वॉर्डात मारहाण झाली असेल तर या आठवड्यात प्रत्येक उंच आवाज धोक्याचा वाटतो. थकवा, अपुरा स्टाफ, रुग्णाबद्दलची चीड किंवा लळा, सगळं यात मिसळतं.

उपाय साधा आहे, पण तो दरवेळी करावा लागतो. स्वतःला दोन प्रश्न विचारायचे: याशिवाय आणखी काय असू शकेल? आणि माझं चुकत असेल तर मला काय दिसायला हवं? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण तो शोधायला लावतो. भास आहेत असं वाटत असेल तर तो कुणाशी पुटपुटतो का, मध्येच थांबून ऐकतो का ते पाहा. यातलं काहीच दिसलं नाही तर पहिला अंदाज सोडून द्या.

आत्महत्येचा धोका: गुण मोजून का भागत नाही

इथे सर्वांत जास्त फॉर्म भरले जातात आणि सर्वांत जास्त गैरसमज आहेत. प्रश्नावलीतून गुण काढायचे, मग 'कमी, मध्यम, जास्त' असा शिक्का मारायचा, ही पद्धत भविष्य सांगायला अपुरी पडते. याचं कारण गणितात आहे. समजा, वॉर्डातून गेलेल्या १,००० जणांपैकी ५ जण आत्महत्येचा मार्ग धरणार आहेत आणि प्रश्नावली दोन्ही बाजूंनी ८० टक्के अचूक आहे. ती पाचातले चार पकडेल. पण उरलेल्या ९९५ पैकी २० टक्क्यांवर, म्हणजे १९९ जणांवरही, 'जास्त धोका' हा शिक्का मारेल. एकूण २०३ शिक्के, त्यातले खरे चार, म्हणजे सुमारे दोन टक्के. आणि एकजण 'कमी धोका' असा कागद घेऊन घरी गेला. घटना दुर्मिळ असली की चांगल्या मोजपट्टीचंही असंच होतं. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेने म्हणूनच स्पष्ट सांगितलं की, आत्महत्या किंवा पुन्हा स्वतःला इजा करणं यांचं भाकीत करायला अशी साधनं वापरू नयेत, आणि त्यावरून कुणाला उपचार द्यायचे हेही ठरवू नये.

मग काय करायचं? थेट विचारायचं. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते ही भीती निराधार आहे. बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचा आधार वाटतो. प्रश्न आडवळणाचा नको. "तसलं काही डोक्यात येत नाही ना?" असं विचारलं की माणूस 'नाही' म्हणून मोकळा होतो, कारण प्रश्नानेच त्याला उत्तर सांगितलेलं असतं. "इतका त्रास होतो तेव्हा जीव द्यावा असं मनात येतं का?" असं विचारा आणि उत्तराची वाट पाहा. शांतता भरून काढू नका. 'हो' आलं तर पुढे: विचार किती वेळा येतो, कधी जास्त येतो, काही ठरवलंय का, त्यासाठीचं साधन हाताशी आहे का, पूर्वी प्रयत्न केला होता का, आणि आजवर कशाने थोपवलं. शेवटचा प्रश्न फॉर्मात कोपऱ्यात असतो, पण पुढची सगळी योजना त्याच्या उत्तरातून निघते.

ही योजना रुग्णासोबत बसून, त्याच्या शब्दांत लिहायची. स्टॅन्ली आणि ब्राउन यांच्या सुरक्षा योजनेत सहा टप्पे आहेत: धोक्याची चाहूल देणाऱ्या खुणा, एकट्याने करता येणारे उपाय, मन दुसरीकडे नेणारी माणसं आणि जागा, मदत मागता येईल अशी जवळची माणसं, व्यावसायिक मदतीचे संपर्क, आणि आजूबाजूचं वातावरण सुरक्षित करणं. सहावा टप्पा सर्वांत ठोस असतो. साधन काही तास जरी आवाक्याबाहेर राहिलं तरी जीव वाचू शकतो, कारण तीव्र लहर बहुधा ओसरते. याउलट 'मी जिवाचं बरंवाईट करणार नाही' असं लिहून सही घेण्याच्या प्रथेने धोका कमी होतो याला पुरावा नाही. त्या सहीने दिलासा मिळतो तो स्टाफला, आणि रुग्णाला पुढच्या वेळी खरं बोलणं अवघड होतं.

कुणाला किती नजरेखाली ठेवायचं हा नर्सचा रोजचा निर्णय. सर्वसाधारण लक्ष, ठरावीक काळाने पाहणं, सतत नजरेसमोर, आणि हाताच्या अंतरावर अशा साधारण चार पायऱ्या असतात. दर १५ मिनिटांनी पाहायचं ठरलं आणि नर्स बरोबर घड्याळाच्या ठोक्याला आली, तर रुग्णाला मधली १४ मिनिटं मोकळी असल्याचं दुसऱ्याच फेरीत कळतं. म्हणून फेऱ्या अनियमित ठेवतात: ६ मिनिटांनी, मग १३, मग ९, पण १५ च्या आत. आणि फेरी म्हणजे दारातून डोकावणं नव्हे. श्वास चालू आहे हे दिसलं पाहिजे, आणि माणूस जागा असेल तर दोन शब्द बोललं पाहिजे.

दोन प्रसंगी जास्त सावध राहावं. खोल नैराश्यातला माणूस कारण न दिसता एकदम शांत, हलका झाला, वस्तू वाटू लागला, तर 'बरा होतोय' असं लिहिण्याआधी त्याच्याजवळ बसा. आणि डिस्चार्जनंतरचे पहिले दिवस: रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचा पहिला आठवडा आणि पहिला महिना हा सर्वाधिक धोक्याचा काळ असतो. सुट्टीच्या कागदावर 'फॉलोअप चार आठवड्यांनी' असं दिसलं तर मधल्या दिवसांत फोन कोण करणार ते तिथेच ठरवून घ्यावं.

राग चढताना

हिंसेच्या बाबतीत मात्र छोटी मोजपट्टी खरोखर उपयोगी पडते. नॉर्वेत तयार झालेल्या ब्रोसेट यादीत सहाच गोष्टी आहेत: गोंधळलेपणा, चिडचिड, दांडगाई, तोंडी धमकी, मारण्याचा आविर्भाव, वस्तूंची आदळआपट. प्रत्येकीला एक गुण. शून्य म्हणजे धोका थोडा, एक-दोन म्हणजे मध्यम, तीन किंवा अधिक म्हणजे लगेच पावलं उचला. एरवीच चिडका असलेल्या माणसाला चिडचिडीचा गुण द्यायचा नाही. नेहमीपेक्षा वाढली तरच द्यायचा. ही यादी चालते कारण ती फक्त पुढच्या २४ तासांबद्दल बोलते आणि आज बदलणाऱ्या गोष्टी मोजते.

गुण वाढले की आधी कारण शोधायचं. नाकारलेला फोन, हरवलेली वस्तू, थांबवलेली सिगरेट, शेजारच्या खाटेवरचा गोंगाट अशी कारणं हिंसेच्या मुळाशी वारंवार सापडतात आणि पुष्कळदा तिथल्या तिथे मिटवता येतात. बोलताना एकानेच बोलावं, दोन हातांचं अंतर ठेवावं, हात दिसतील असे ठेवावेत, दार दोघांनाही मोकळं असावं. वाक्यं छोटी. आणि खरे पर्याय द्यावेत: "गोळी आत्ता घेणार की पाणी पिऊन दहा मिनिटांनी?"

इंजेक्शन देण्याची वेळ आलीच, तर काम तिथून सुरू होतं. सुई टोचून खोलीचं दार ओढून घेणं जिवावर बेतू शकतं. नाडी, रक्तदाब, श्वास, ऑक्सिजन, शुद्धी आणि तापमान निदान दर तासाला, आणि रुग्ण झोपलेला किंवा गुंगीत असेल तर दर १५ मिनिटांनी पाहायचं. ओलान्झापिन (अँटिसायकोटिक) आणि लोराझेपाम (बेंझोडायझेपिन) यांची स्नायूतली इंजेक्शनं एकापाठोपाठ देऊ नयेत, श्वास आणि रक्तदाब खाली जातात. धरून ठेवावं लागलं तर पालथं पाडून पाठीवर भार देऊ नये, आणि एकाने फक्त चेहरा आणि श्वास पाहत राहावं.

डोस थांबवण्याचा निर्णय

औषध देण्याइतकंच ते रोखणंही नर्सच्या हाती असतं. मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांसाठी दिल्या जाणाऱ्या लिथियमवरच्या रुग्णाला उलट्या-जुलाब, हातांचा ठळक थरकाप, अडखळतं बोलणं, झोकांड्या दिसल्या तर पुढची गोळी देऊ नये; डॉक्टरांना कळवावं आणि रक्तातली पातळी पाहावी. नेहमीच्या तपासणीत रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी घेतात, नाहीतर आकडा फसवा येतो, पण विषबाधेचा संशय असेल तर तेवढं थांबायचं नसतं. साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर ही नेहमीची मर्यादा, १.५ च्या वर विषबाधेची लक्षणं अपेक्षित. अंगदुखीसाठी कुणी आयबुप्रोफेनसारखी गोळी दिली का हेही विचारावं, तिने पातळी चढते.

क्लोझापिन हे अँटिसायकोटिक ४८ तासांहून अधिक चुकलं असेल तर जुना डोस देऊन चालत नाही, १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवावं लागतं. या औषधावरच्या बद्धकोष्ठाला किरकोळ समजू नये, आतडं बंद पडून मृत्यू होतात. रुग्णाने वॉर्डात येऊन सिगरेट सोडली तर औषधाची रक्तातली पातळी वाढते, कारण तंबाखूच्या धुरामुळे यकृत ते औषध लवकर मोडत असतं. निकोटिनचा पॅच लावून हा फरक भरून निघत नाही. आणि कोणत्याही अँटिसायकोटिकवर ताप, लाकडासारखे ताठ स्नायू, घाम आणि गोंधळ एकत्र दिसले तर औषध बंद, डॉक्टर तत्काळ.

रुग्ण 'नको' म्हणतो तेव्हा

नकार म्हणजे आजाराचं लक्षण, असं धरू नये. चार गोष्टी पाहा: माहिती समजली का, निर्णय होईपर्यंत लक्षात राहते का, फायदा-तोटा तोलता येतो का, आणि आपला निर्णय कसाही कळवता येतो का. ही क्षमता त्या एका निर्णयापुरती, त्या वेळेपुरती असते. पैशांचे व्यवहार न जमणारा माणूस गोळीबद्दल नीट ठरवू शकतो. सकाळी न जमलेलं संध्याकाळी जमू शकतं, म्हणून घाई नसेल तर थांबावं. बऱ्याच नकारांमागे ठोस कारण असतं: वजन वाढलं, लैंगिक इच्छा गेली, दिवसभर गुंगी राहते. कारण कळलं की डोसची वेळ किंवा औषध बदलता येतं आणि जबरदस्तीचा प्रश्नच उरत नाही.

डॉक्टरांना फोन करताना

'पेशंट अस्वस्थ आहे, काय करू?' असं विचारलं की फोनवरून इंजेक्शनच सांगितलं जाण्याची शक्यता जास्त. परिस्थिती, पार्श्वभूमी, तपासणी, मागणी या क्रमाने सांगावं. 'खाट सहाचा रुग्ण दोन तास येरझाऱ्या घालतोय. तीन दिवसांपूर्वी दाखल, परवा हॅलोपेरिडॉल सुरू. दारूचा इतिहास नाही, बायकोनेही तेच सांगितलं. ताप नाही, नाडी ८८, साखर ११०, वार उलटे बरोबर म्हणतो, बेचैनी पायांत असल्याचं सांगतो. मला अकॅथिसिया वाटते. गरजेपुरतं लिहिलेलं हॅलोपेरिडॉल मी रोखलं आहे, त्याऐवजी काय देऊ आणि सकाळचा डोस द्यायचा का, ते सांगा.'

उत्तर पटलं नाही तर काळजी त्याच शब्दांत पुन्हा, स्पष्टपणे सांगावी, मग वरिष्ठांना फोन करावा, आणि कुणाला कितीला काय सांगितलं ते लिहावं. ठरलेल्या उपायापुढे तीन गोष्टी नोंदवाव्यात: कशाची अपेक्षा आहे, पुन्हा कधी पाहणार, आणि काय दिसलं तर त्याआधीच फोन करणार. 'रात्री ३.३० ला पुन्हा तपासणार. ताप, ताठरपणा किंवा गोंधळ दिसल्यास लगेच कळवणार' इतकी ओळ असली की पाळी बदलली तरी सकाळच्या नर्सला रात्रीचा विचार शून्यातून जुळवावा लागत नाही.